वाचकांचे प्रश्न : ‘फाया’ कसं मिळवावं, कसं वाचावं, कसं अनुवादावं

मागच्या अंकात ‘फाया’ (FIYAH) या अमेरिकी त्रैमासिकाबद्दल चार ओळींचं टिपण दिलं होतं. कृष्णवर्णीय लेखकांच्या विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा आणि ‘इतिहास वेगळा घडला असता तर’ अशा वळणाच्या कथा, एवढ्यांनाच वाहिलेलं हे त्रैमासिक जानेवारी २०१७ मध्ये सुरू झालं. त्या टिपणावर ठाणे-नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : कथा चांगली की वाईट, एवढंच संपादकानं बघावं. लेखकाचा वर्ण बघून वेगळं मासिक काढणं म्हणजे तोच भेदभाव उलटा करणं नाही का? (एक वाचक, नौपाडा)

उत्तर : सगळ्यात जास्त पत्रं याच आक्षेपाची आहेत, म्हणून आधी आकडे बघू. ‘फायरसाइड’ या दुसऱ्या एका अमेरिकी कथामासिकानं २०१६ मध्ये एक मोजदाद प्रसिद्ध केली. २०१५ साली या प्रकारच्या ६३ मासिकांत मिळून २,०३९ नव्या कथा आल्या. त्यांत कृष्णवर्णीय लेखकांच्या ३८ होत्या, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. अमेरिकेच्या लोकसंख्येत साधारण दर आठ माणसांत एक कृष्णवर्णीय आहे, हे शेजारी ठेवून तो आकडा वाचा.

‘ते लिहीतच नसतील’ असं यावर हमखास म्हटलं जातं. पण लिहिणारे होते. चार्ल्स चेस्नट यांचा जादूटोण्याच्या कथांचा संग्रह १८९९ चा आहे. पॉलिन हॉपकिन्स यांची आफ्रिकेतल्या लपलेल्या प्राचीन नगरीची कादंबरी १९०२-०३ मध्ये क्रमशः छापून येत होती. अडचण दाराशी होती. सॅम्युअल डिलेनी यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी क्रमशः छापायला १९६७ मध्ये जॉन कॅम्पबेल या त्या काळच्या बड्या संपादकानं नकार दिला. कादंबरी वाईट आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं. आमच्या वाचकांना कृष्णवर्णीय नायकाशी जोडून घेता येणार नाही, असं कारण त्यानं दिल्याचं डिलेनी यांनी लिहून ठेवलं आहे. तेव्हा ‘फक्त कथा बघावी’ हा नियम ‘फाया’नं मोडला असं म्हणायला तो आधी कुणी पाळलेला तर हवा.

‘फाया’च्या मागे एक जुना अंकही उभा आहे. नोव्हेंबर १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वॉलेस थर्मन, लँगस्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन आणि त्यांच्या तरुण मित्रांनी ‘फायर’ नावाचं मासिक काढलं. मुखपृष्ठ अ‍ॅरन डग्लस यांचं. एकच अंक निघाला. छपाईचं कर्ज झालं ते थर्मन पुढे कित्येक वर्षं फेडत राहिले, आणि न खपलेले गठ्ठे आगीत जळून गेले. २०१७ च्या मंडळींनी नाव तिथूनच घेतलं (‘फाया’ म्हणजे ‘फायर’चाच बोलीतला उच्चार) आणि पहिल्या अंकाचा विषय ठेवला ‘पुनर्जन्म’.

दर्जाचं म्हणाल तर २०१८ मध्ये ‘फाया’च्या कामाला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये ह्यूगो. दोन्ही पुरस्कार या क्षेत्रातल्या सगळ्यांना खुले आहेत.

प्रश्न : हे सगळं म्हणजे ‘ब्लॅक पँथर’ सिनेमासारखंच ना? (वाचक, कोपरी)

उत्तर : थोडंसंच. सिनेमातली तंत्रसंपन्न आफ्रिकी राजधानी या मासिकातही अधूनमधून भेटेल, पण त्याहून जास्त भेटतील आजीच्या स्वयंपाकघरातली भुतं, केसांच्या सलूनमधली जादू, आणि पोलिसांनी थांबवल्यावर काळ पुढे-मागे करणारी पोरं. ‘केस’ या एकाच विषयावर त्यांनी २०१९ मध्ये अख्खा अंक काढला होता. महासत्तेपेक्षा मोहल्ला जास्त, असं समजून उघडा.

प्रश्न : माझं इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्याइतपत आहे. नमुन्याचं एक पान वाचलं तर अर्ध्या वाक्यांचं व्याकरणच चुकीचं वाटलं. कुठून सुरुवात करू? (वाचक, ऐरोली)

उत्तर : ते व्याकरण चुकीचं नाही, वेगळं आहे. अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या बोलीला स्वतःचे पक्के नियम आहेत. दोन नियम ठाऊक असले तरी बरीच वाट मोकळी होते. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो आत्ता काम करतोय असं नव्हे, तर तो नेहमी कामाला असतो. ‘शी बीन मॅरीड’ यातल्या ‘बीन’वर जोर असेल तर तिचं लग्न होऊन जमाना झाला आणि ती अजून विवाहित आहे. शब्दकोश घेऊन बसलात तर दोन्हीकडे फसाल. संवाद मोठ्यानं वाचा. कानाला जे लागतं ते डोळ्यांना लागत नाही, आणि मालवणी किंवा आगरी संवाद कागदावर वाचताना आपल्याला हा अनुभव येतोच.

थेट ताज्या अंकात उडी मारू नका. आम्ही असा क्रम सुचवू.

सुरुवात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या ‘द कॉमेट’पासून करा. कथा १९२० ची, छोटी, इंग्रजी स्वच्छ आणि वाचायला फुकट. बँकेतल्या एका कृष्णवर्णीय निरोप्याला खालच्या जुन्या तळघरात कागद आणायला पाठवतात, कारण तिथे उतरण्याचं काम दुसऱ्या कुणाला नको असतं. तेवढ्यात धूमकेतूच्या विषारी वायूनं वरचं न्यूयॉर्क मरून पडतं. तो वाचतो आणि एक श्रीमंत गोरी तरुणी वाचते. जगात दोघंच उरलीत असं वाटतं तोवर वर्ण गळून पडतो. बाहेरगावची माणसं शहरात येतात आणि क्षणात सगळं पूर्ववत होतं. तळघर हा तपशील नीट बघा. ज्या हलक्या कामामुळे तो तळाशी असतो, त्याच कामामुळे जिवंत राहतो. या साहित्याची निम्मी युक्ती या एका खोलीत आहे : कल्पित घटना हवेतून येत नाही, अन्यायाच्या रोजच्या व्यवस्थेतूनच उगवते.

त्यानंतर पी. जेली क्लार्क यांची जॉर्ज वॉशिंग्टनच्या दातांवरची कथा घ्या. ही ‘फाया’तली नाही, ‘फायरसाइड’मधली आहे, २०१८ ची, आणि तिला नेब्युला पुरस्कार आहे. वॉशिंग्टनच्या मळ्याच्या हिशेबवहीत मे १७८४ ची एक नोंद खरोखरच आहे : दंतवैद्याच्या खात्यावर, नऊ दातांसाठी निग्रोंना रोख सहा पौंड दोन शिलिंग दिले. कुणाचे दात, ते वहीत नाही. लेखकानं नऊ दातांचे नऊ तुकडे केले आणि प्रत्येक दाताला एक मालक, एक जादू आणि एक इतिहास दिला. एकेक तुकडा जेमतेम पान-दीड पानाचा असल्यामुळे इंग्रजी जड जाणाऱ्याला ही कथा सोयीची पडते. रोज एक दात वाचा.

मग ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘किंड्रेड’ ही १९७९ ची कादंबरी. १९७६ च्या कॅलिफोर्नियातली तरुण लेखिका अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते, परत येते, पुन्हा ओढली जाते. कालप्रवास कसा होतो याचं एका ओळीचंही स्पष्टीकरण बटलर देत नाहीत. आपल्याकडे विज्ञानकथेत आधी दोन पानं यंत्र समजावायची सवय आहे. तिच्यावर हा चांगला उतारा आहे.

एवढं झालं की ‘फाया’चा एखादा जुना, विषय जाहीर केलेला अंक घ्या. पहिल्या वर्षीच्या तिसऱ्या अंकाचा विषय होता ‘सनडाउन टाउन्स’. सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयांनी हद्दीत थांबायचं नाही, असा लिखित-अलिखित नियम असलेली गावं अमेरिकेत विसाव्या शतकात बरीच पुढेपर्यंत होती. हे ठाऊक नसताना तो अंक वाचला तर कथेतली माणसं संध्याकाळी इतकी का घाबरतात, तेच कळत नाही. म्हणून अंकाचा विषय आधी अर्धा तास वाचून घ्या, कथा मग.

प्रश्न : अंक इथे कुठे मिळतो? कार्डानं पैसे भरायला गेलो तर व्यवहार नाकारला. (वाचक, कळवा)

उत्तर : दुकानात शोधू नका. ‘फाया’ पहिल्यापासून मुख्यतः ई-पुस्तक म्हणून निघतं. एका अंकाची किंमत चार डॉलरच्या आसपास असते आणि त्यांच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घेता येतो.

व्यवहार बहुधा तुमच्याच कार्डाच्या बंद खटक्यामुळे नाकारला गेला असणार. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड परदेशी आणि ऑनलाइन व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्ड सेटिंगला जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर चालू करा, मर्यादा हजार रुपयांवर ठेवा, काम झालं की पुन्हा बंद करा. पैसे भरताना ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ असं विचारलं तर डॉलर निवडा. रुपये निवडले की विकणाऱ्याच्या बाजूचा दर लागतो आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो. वार्षिक वर्गणी आपोआप नूतनीकरण होणारी घेऊ नका. २०२१ पासून आवर्ती वजावटीचे नियम कडक झाल्यामुळे परदेशी विक्रेत्यांच्या अशा वजावटी आपल्या कार्डांवर वारंवार फसतात, आणि वर्गणी गुपचूप तुटते. सुटा अंक घ्या.

फाइल ईपब आणि पीडीएफ अशा दोन रूपांत असेल तर फोनसाठी ईपब उतरवा. त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात. पीडीएफमध्ये पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. किंडल असेल तर २०२२ पासून ‘सेंड टू किंडल’ ईपबच घेतं, जुन्या मोबी फाइलच्या नादी लागू नका.

कार्डाची कटकटच नको असेल तर ‘ओमेनाना’ वाचा. चिनेलो ओनवालू आणि माझी न्वॉन्वू यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं हे नायजेरियातलं नियतकालिक आफ्रिकी लेखकांच्या अशाच कथा छापतं, आणि त्याचे अंक ऑनलाइन मोफत आहेत.

प्रश्न : मी दलित लेखक आहे, विज्ञानकथा लिहितो. इंग्रजी अनुवाद करून ‘फाया’ला पाठवू का? आपलं दुःख सारखंच आहे. (वाचक, वाशी)

उत्तर : नका पाठवू. ते मासिक फक्त आफ्रिकी वंशाच्या लेखकांसाठी आहे, मग ते अमेरिकेतले असोत, कॅरिबियन बेटांवरचे असोत की आफ्रिकेतले. नियमावलीत हे स्पष्ट असतं. दुःख सारखं आहे म्हणून दाराची पाटी बदलत नाही, आणि तशी पाठवलेली कथा न वाचता परत येते.

नात्याचा मुद्दा मात्र खरा आहे. जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस डु बॉइस यांचं उत्तर आलं. हेच ते वर आलेल्या धूमकेतूच्या कथेचे लेखक. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावही तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरूनच आलं. पण साहित्यात दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या पडल्या. आपल्याकडे कविता आणि आत्मकथनानं सगळी ताकद खेचून घेतली, कल्पित कथेला अंगण कमी मिळालं. तुम्ही विज्ञानकथा लिहिताय हेच आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

कथा पाठवायची तर ‘सामोवार’ बघा. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या मासिकाची ही अनुवादित कथांची शाखा २०१७ पासून आहे, आणि ती अनुवादाच्या सोबत मूळ भाषेतला मजकूरही छापते. म्हणजे तुमची मराठी मराठीतच तिथे दिसेल. पाठवण्यापूर्वी अर्ज खुले आहेत का ते बघा. बहुतेक मासिकं वर्षातून ठरावीक आठवडेच कथा घेतात.

आता हस्तलिखिताचं. साधा फाँट, १२ चा आकार, दुहेरी ओळ-अंतर, चारी बाजूंना एक इंच समास. पहिल्या पानावर डावीकडे वर नाव-पत्ता-ईमेल, उजवीकडे शब्दसंख्या शंभराच्या पटीत. दुसऱ्या पानापासून शिरोभागी आडनाव, कथेच्या नावातला एखादा शब्द आणि पान क्रमांक. प्रसंग बदलला की मधोमध एक # चिन्ह. मासिकानं नाव झाकून पाठवा असं सांगितलं असेल तर नाव शिरोभागातूनही काढा आणि फाइलच्या गुणधर्मांतूनही. दुसरी गोष्ट सगळे विसरतात. सोबतचं पत्र तीन ओळींचं पुरे : कथेचं नाव, शब्दसंख्या, आधी कुठे छापली असेल तर ते. कथेचा आशय पत्रात सांगायचा नाही, आणि ‘आपल्या प्रतिष्ठित मासिकात’ वगैरे तर मुळीच नाही.

एकच कथा एकाच वेळी दोन मासिकांना पाठवता येते का, हे प्रत्येकाच्या नियमावलीत वेगळं असतं, तिथे गृहीत धरू नका. आणि अनुवाद यंत्राकडून करून घेऊन तसाच पाठवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या मासिकाला यंत्रानं लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ दारच बंद करावं लागलं. तेव्हापासून सगळे संपादक या बाबतीत तिखट झाले आहेत, आणि संशय आला तरी कथा बाद होते.

मानधनाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेनं २०१९ पासून शब्दामागे ८ सेंट हा व्यावसायिक दर धरला आहे. ५,००० शब्दांच्या कथेचे ४०० डॉलर झाले. वाचनासाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्या मासिकापासून चार हात लांब राहा.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकात कृष्णवर्णीय लेखकांच्या तीन अनुवादित कथा द्यायच्या आहेत. ‘फाया’ची परवानगी कशी मागायची? ना-नफा अंक आहे, त्यामुळे परवानगी लागते का हाही प्रश्न आहे. (संपादक मंडळ, घणसोली)

उत्तर : लागते. ना-नफा असणं ही कॉपीराइट कायद्यातली पळवाट नाही. ‘लेखकाच्या सौजन्याने’ असं खाली छापून लेखकाला न विचारणं ही तर आपल्या दिवाळी अंकांची जुनी खोड आहे.

परवानगी बहुतेक वेळा मासिकाकडे नसते, लेखकाकडे असते. अशी मासिकं साधारणपणे प्रथम प्रकाशनाचा हक्क घेतात आणि काही महिने ती कथा इतरत्र छापू नये अशी अट घालतात. अनुवादाचा हक्क लेखकाकडेच राहतो. म्हणून लेखकाच्या संकेतस्थळावर एजंटाचं नाव आहे का बघा. असेल तर पत्र एजंटाला, नसेल तर थेट लेखकाला.

पत्रात एवढं असलंच पाहिजे : कथेचं नाव आणि ती कुठल्या अंकात आली, अनुवादाची भाषा मराठी, एकदाच छापण्याचा बिगर-एकाधिकार हक्क (म्हणजे लेखक तो इतरांनाही देऊ शकतो), अंकाचं नाव, छपाईची संख्या, अंकाची ई-आवृत्ती निघणार असेल तर तीही, अनुवादक कोण, मानधन किती, श्रेयओळ काय असेल, आणि लेखकाला किती प्रती पाठवणार. मानधनाचा आकडा तुम्हीच लिहा, भले तो दोन हजार रुपये का असेना. ‘मानधन देऊ शकत नाही, प्रत पाठवू’ असं लिहिलं तर उत्तर न येण्याची शक्यता वाढते, आणि खरं सांगायचं तर ते योग्यच आहे. होकार लेखी ईमेलवर घ्या, समाजमाध्यमावरचा अंगठा चालत नाही.

दिवाळी अंक सप्टेंबरात छपाईला जातो, तेव्हा पत्रं मार्च-एप्रिलमध्ये गेली पाहिजेत. सहा आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एक स्मरणपत्र, आणि त्यावरही शांतता असेल तर दुसरी कथा निवडा. मौन म्हणजे संमती नव्हे.

परवानगीची दगदग टाळायची असेल तर जुन्या कथांकडे वळा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतो. डु बॉइस ऑगस्ट १९६३ मध्ये वारले, म्हणजे भारतात ‘द कॉमेट’ १ जानेवारी २०२४ पासून मोकळी झाली. मूळ प्रकाशन १९२० चं असल्यानं अमेरिकेतही ती मोकळीच आहे. चेस्नट १९३२ मध्ये आणि हॉपकिन्स १९३० मध्ये गेले, तिथेही अडचण नाही. बटलर २००६ मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांचं काहीही विचारल्याशिवाय घेऊ नका. एक सापळा लक्षात ठेवा : मूळ कथा मोकळी असली तरी तिचा कुणी केलेला हिंदी किंवा मराठी अनुवाद मोकळा नसतो. अनुवाद मूळ इंग्रजीवरूनच व्हायला हवा. ‘द कॉमेट’, चेस्नट यांची एक जादूटोण्याची कथा, आणि तिसरी परवानगी काढून एखादी आजची, अशी जुळणी केलीत तर एकाच पत्राचं काम उरतं.

अनुवादकाला एक सूचना जरूर द्या. कृष्णवर्णीय पात्राची बोली वऱ्हाडी किंवा मालवणीत टाकू नये. वाचकाला लगेच विदर्भ किंवा कोकण दिसू लागतं आणि अमेरिकेच्या दक्षिणेतला मळा नाहीसा होतो. साधी बोलभाषा ठेवावी, वाक्यं आखूड करावीत, लय सांभाळावी. चेस्नट यांच्या कथांत तर अर्धा भाग जुन्या गुलामाच्या तोंडी आहे आणि तो ऐकणारा गोरा मालक प्रमाण भाषेत बोलतो. दोघांच्या बोलण्यातला फरक मराठीत कळलाच पाहिजे, नाहीतर कोण कुणाला गुंडाळतंय हेच हरवतं.

प्रश्न : दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त लेखकांच्या विज्ञान आणि अद्भुतकथांचं मराठी त्रैमासिक काढायचं आमच्या गटात घाटत आहे. ‘फाया’कडून नेमकं काय उचलावं? (वाचक, बेलापूर)

उत्तर : चार गोष्टी उचला : ई-अंक, विषय, मुदत आणि मानधन. पहिल्या अंकाआधी छपाई डोक्यातून काढा. ‘फायर’ एका अंकात का बुडालं ते वर आलंच आहे.

हिशेब मांडून बघा. अंकात तीन-तीन हजार शब्दांच्या चार कथा, दोन कविता, एक मुखपृष्ठ. शब्दाला एक रुपया धरला तर कथांचे १२,०००, कवितांचे प्रत्येकी हजार, मुखपृष्ठाला ५,०००. अंकाला १९,०००, वर्षाला ७६,००० रुपये. हे पैसे पहिली घोषणा करण्याआधी खात्यात हवेत. तीन अंक काढून थांबलेली मासिकं आपल्याकडे ढिगानं आहेत, आणि बहुतेकांची पहिल्या अंकाची छपाई दिमाखदार होती.

विषय नेमका आणि स्थानिक असू द्या. ‘विषमता’ हा विषय नाही, तो लेखकाला भाषणाकडे ढकलतो. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला थुंकायला गळ्यात मडकं आणि पाऊल पुसायला मागे खराटा बांधावा लागे, हे आंबेडकरांनी १९३६ मध्ये नोंदवलं आहे. ‘मडकं आणि खराटा’ असा विषय द्या आणि कुणी त्यातून अंतराळयानावरची शिस्त लिहितं की काय, ते बघा. सिडकोनं घेतलेली शेतं, खाडी, मिठागरं, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायनांच्या कंपन्या हे तर तुमच्या दारातलंच साहित्य आहे.

कथा घेण्याची मुदत महिनाभराची ठेवा आणि ती पाळा. नियमावलीत शब्दमर्यादा, मानधन, उत्तर किती दिवसांत देणार आणि कुणी पाठवावं हे चारही स्पष्ट हवं. ‘फाया’ कथेला २,००० ते ७,००० शब्द आणि दीर्घकथेला १५,००० पर्यंत जागा देतं. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराची शब्दसंख्या कमी भरते, तेव्हा मर्यादा जशीच्या तशी उचलू नका. प्रत्येक कथा दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी, मतं एका तक्त्यात लिहावीत, आणि दोघांचं जमलं नाही तरच तिसऱ्याकडे जावी. संपादक मंडळातल्यांच्या कथा पहिल्या वर्षी छापायच्या नाहीत. हा नियम कटू वाटतो, पण तो नसेल तर मासिकाचं मित्रमंडळ व्हायला दोन अंक पुरतात. नकार सगळ्यांना कळवा, दोन ओळींचा का होईना. मराठी नियतकालिकांत ‘उत्तर नाही म्हणजे नकार’ ही रीत इतकी मुरली आहे की नुसतं वेळेवर नाही म्हणूनही तुमचं नाव होईल.

घोटाळा होतो तो अक्षरजुळणीत. जुन्या लेखकांचा मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये येतो. तो जसाच्या तसा ईपबमध्ये गेला की वाचकाच्या फोनवर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, ‘अ‍ॅ’ आणि ‘ऑ’, रफार आणि अवतरणचिन्हं एवढं डोळ्यांनी तपासा. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं नेमकी तिथेच घसरतात : ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फाँट ‘टिरो देवनागरी मराठी’ किंवा ‘मुक्ता’ घ्या, दोन्ही मोफत आहेत. पहिल्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. फाँट ईपबमध्येच गुंफून द्या आणि अंक सोडण्याआधी एका स्वस्त अँड्रॉइड फोनवर, एका आयफोनवर आणि एका किंडलवर उघडून बघा.

छापील अंक पुढे काढायचा झालाच तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार शीर्षक आणि नोंदणी दोन्हींसाठी ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर एकत्र अर्ज करावा लागतो. शीर्षक आधीच कुणी घेतलेलं असू शकतं, म्हणून मुखपृष्ठ करायला देण्याआधी अर्ज टाका आणि पर्यायी नावंही हाताशी ठेवा.